निशाणी डावा अंगठा

खोक्यात फोमचे तीन थर, पांढरे हातमोजे
आणि सोनेरी कडेचं प्रमाणपत्र:
पाच हजारांपैकी तीन हजार एकशे सतरावा.

डर्बीच्या रेल्वे कारखान्यात
एकोणतीस वर्षं चाकं मोजली मी.
कंदील टेबलावर ठेवला
आणि कॅलिपर काढलं, चहा निवू दिला.

मुठीचा बाक सव्वा मिलिमीटरनं कमी.
पितळ मोहरीसारखं पिवळं, हवं होतं काळ्या चहासारखं.
बुडाशी साच्याची शिवण, बोटाला लागते.
आणि ओरखडा! तोही छापील,
जणू पाच हजार कंदील
पाच हजार वेळा
एकाच दगडावर, एकाच कुशीवर पडले.
काचेजवळच्या रंगात ब्रशचा एक केस अडकलेला.
तोही लिहून घेतला. दोष क्रमांक नऊ.

सिनेमात हा कंदील अकरा सेकंद दिसतो.
बर्फाखालच्या शहराचा पहारेकरी तो उचलतो,
वर बघतो, संपलं.
मी नऊ वर्षांचा होतो, शेजारी भाऊ होता.
त्या अकरा सेकंदांत त्यानं माझा हात धरला होता,
नंतर कधी धरला नाही.
हे कुठल्याच मापात बसत नाही, म्हणून सांगत नाही कुणाला.

कंपनीला पत्र लिहिलं: मापात पाप आहे.
उत्तर आलं, नम्र, छापील:
मूळ वस्तू लेसरनं मोजली आहे.
रेझिन चाळीस वर्षांत आकसतं, साहेब.
आम्ही चुकलो नाही. मूळच लहान झालंय.

मग मार्गेटला गेलो, बेरिल ऑस्टविककडे.
वय एक्याऐंशी, समुद्राकडे पाठ करून बसते,
म्हणते, तो रोज तेच करतो.
मी वही उघडली. चौथा स्क्रू तिरका का?
ती म्हणाली, "चौथा स्क्रू नव्हताच.
दुपारी दोनला सांगितलं, पाचला शूटिंग,
हार्डवेअरवाला जेवायला गेलेला.
शॉवरची जाळी, मोटारसायकलचा दिवा,
मूठ रेझिनची, अर्धी ओलीच.
भोकात च्युइंग गम भरलं, अंगठ्यानं दाबलं, वरून रंग.
आणि असे तीन होते.
एक रबराचा, पडायच्या सीनसाठी.
तुम्ही मोजताय तो कुठला?"

मी काही बोललो नाही.
तीन हजार एकशे सतरावा तिच्या मांडीवर ठेवला.
तिनं चष्मा वर केला, चौथा स्क्रू शोधला.
तिथे होता तो, प्लास्टिकमध्ये, रेघ न् रेघ:
चाळीस वर्षांपूर्वीच्या एका घाईचा ठसा.

सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना,
त्यात घोड्याचं नाव आहे,
घोड्याला चारा घालणाऱ्याचं आहे.
बेरिलचं नाही.
तिची सही एवढीच. निशाणी, डावा अंगठा.
जगभरच्या काचेच्या कपाटांत आता पाच हजार वेळा,
आणि आम्ही सगळे पांढरे हातमोजे घालून
जपतोय,
आपला ठसा कुठे उमटू नये म्हणून.

तिनं अंगठा ठेवून पाहिला.
बसेना.
सांधा सुजलेला, ॲसिटोननं रेघा पुसलेल्या.
फिरवून पाहिला, दाबून पाहिला,
मग हसली. "हुबेहूब आहे हो," म्हणाली,
"माझ्यातच फरक पडलाय."
आणि बिस्किटं आणायला उठली,
कंदील तसाच खुर्चीत, कलंडलेला.

परतीच्या गाडीत तो ठसा मोजलाच मी.
एकोणीस बाय चौदा.
सवय. जात नाही.

आता रात्र आहे. दिवा जवळ ओढलाय.
दोष क्रमांक नऊ भिंगाखाली चमकतोय.
लेसरला न दिसलेला, साच्यात नसलेला,
कुठल्याशा लांबच्या कारखान्यात
झीज रंगवणाऱ्या कुणाच्या तरी ब्रशचा केस.
बाकी चार हजार नऊशे नव्याण्णवांत तो नसणार.

चिमटा टेबलावर आहे.
अजून उचललेला नाही.